एकाच पॅनमधलं गोड-खारट चिकन: बाहेरून काळं, आतून कच्चं, नेमकं चुकतंय कुठे?

आळशी_आचारी

मंडळी, मदत हवीये. घरी यायला रोज रात्रीचे आठ-साडेआठ होतात आणि मग चार भांडी काढून, चार भांडी खरकटी करून ती परत घासायची ताकद अंगात उरत नाही, म्हणून ठरवलं की आठवड्यातनं दोन दिवस तरी एकाच पॅनमध्ये सगळं जेवण होईल असं काहीतरी करायचं. मध, सोया सॉस, लसूण घालून ते गोड-खारट चकचकीत चिकन करतात ना, ते मला जाम आवडतं. व्हिडिओत बघितलं तर पोरखेळ वाटतो, बाऊलमध्ये सगळं कालवलं, चिकन त्यात घोळवलं, पॅनमध्ये ओतलं की वीस मिनिटांत जेवायला बसा.

माझं काय होतं ते सांगतो. तीनदा केलंय आणि तिन्ही वेळा बोंब. पहिल्यांदा चार-पाच मिनिटांतच तळाला डांबर धरलं, चिकन बाहेरून काळं झालं म्हणून घाईघाईत उतरवलं तर कापल्यावर आत चक्क गुलाबी. दुसऱ्यांदा शहाणपणा करून गॅस बारीक ठेवला तर इतकं पाणी सुटलं की पांढरं फटक चिकन गोड पाण्यात पोहत बसलं, ते पाणी आटेपर्यंत चिकनचा चोथा. तिसऱ्यांदा भाज्या पण त्यातच टाकल्या, एकदमच, तर गाजर कचाकचा लागतंय आणि ढोबळी मिरचीचा लगदा. चवीचं तर विचारूच नका, खारट लागलं म्हणून मध घातला, गोडमिट्ट झालं म्हणून परत सोया घातला, असं करत करत शेवटी सॉस पाव लिटर झाला आणि खाता काही आला नाही.

माझं साहित्य: बोनलेस ब्रेस्ट ५०० ग्रॅम, ४ चमचे सोया, ४ चमचे मध, सात-आठ पाकळ्या लसूण, थोडं तेल. पॅन नॉनस्टिक, २४ सेंटीमीटरचा. पहिल्या वेळेचा पॅन दोन दिवस भिजत घालून निघाला, मग एकाच भांड्याचा फायदा काय राहिला तुम्हीच सांगा. रात्रभर मॅरिनेट केलं तर सुधारेल का?

वाफ_आणि_वास

ब्रेस्ट सोडा, थाय (मांडीचं मांस) घ्या. अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

तळाशी_लागलं

माझं नाव वाचून कळलंच असेल मी किती पॅन जाळलेत ते, त्यामुळे अधिकारवाणीने सांगते. तुमची चूक एकच आहे, बाकीच्या तिच्यातूनच निघाल्यात. मध पहिल्यापासून घालताय. गोड सगळ्यात शेवटी.

कारण असं की मधात फळांतली साखर असते ना, फ्रुक्टोज, ती साधारण ११० डिग्रीलाच रंग बदलायला लागते, आपली साधी साखर १६० च्या आसपास टिकते. आणि चिकनला छान तांबूस रंग यायला वरचा थर १४० च्या पुढे जावा लागतो. आता तुम्हीच हिशोब करा, चिकनला रंग यायच्या आधीच मधाचा कोळसा होणार की नाही? आणि उलट गॅस बारीक केला की चिकनच्या अंगचं पाणी बाहेर येतं, आणि जोपर्यंत पॅनमध्ये पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान १०० च्या वर जातच नाही, म्हणजे तुम्ही चिकन भाजत नव्हतात, उकडत होतात. दोन्ही वेळी आच चुकली असं वाटतं पण खरं म्हणजे क्रम चुकला.

मी कशी करते ते लिहिते, लांबेल पण वाचा. साधारण ६०० ग्रॅम बोनलेस थाय. टिशूने टिपून टिपून कोरडं करायचं, म्हणजे खरंच कोरडं, टिशू चिकटेनासा होईपर्यंत. मीठ अर्धा टीस्पून, त्याहून जास्त नको कारण सोया येणारे, आणि मिरपूड. पॅन मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर, एक टेबलस्पून तेल, तेल पातळ होऊन पॅनभर सहज पळायला लागलं की चिकनचे तुकडे सुटे सुटे ठेवायचे. ठेवल्यावर चर्रर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर पॅन तापला नाही, तुकडा उचला आणि थांबा. आणि मग हात बांधून उभं राहायचं. पाच-सहा मिनिटं हलवायचं नाही. सगळ्यात अवघड हेच आहे, कालथा हातात असला की माणसाला खुपसायचा मोह होतोच. चिकन कच्चं असताना तळाला धरून बसतं, ओढलंत तर फाटतं, पण खालून रंग आला की आपणहून सुटतं, टोक उचलून बघितलं की कळतं. उलटायचं, अजून चार मिनिटं.

आता इथे लोक ताटली काढतात आणि एक भांडं वाढतं. मी पॅनचं झाकण ओट्यावर उलटं ठेवते आणि चिकन त्यात काढते. चिकन अजून आतून पूर्ण झालेलं नसतं, पण नंतर झाकणासकट सगळं परत आचेवरच जाणार असतं, आणि झाकणात जो रस गळतो तो पण सॉसमध्येच ओतता येतो.

त्याच तेलात गाजराचे तिरके पातळ काप आणि कांद्याच्या जाड फोडी. दोन मिनिटं परतून पाव कप पाणी घालायचं आणि तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते लाकडी चमच्याने खरवडून काढायचं. ते जळकं नाही हं, ती अर्धी चव आहे सॉसची. काळं असेल तर मात्र जळलंय, पुसून टाका, लाजायचं नाही. झाकण रिकामं नाहीये त्यामुळे उघडंच शिजवायचं, गाजर टोचून बघा, जरा मऊ पडलं की ढोबळी मिरची, मग मधे जागा करून लसूण. लसणाला तीस सेकंद पुरतात, त्याहून जास्त ठेवलात तर कडू.

मग सॉस. दोन टेबलस्पून सोया, दोन टेबलस्पून मध, एक टेबलस्पून व्हिनेगर, पाव कप पाणी, हे आधीच एका कपात ढवळून ठेवायचं. पॅनमध्ये ओतलं की उकळी येते, चिकन परत आत, झाकणातला रस पण, आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, एकदा उलटून. या वेळी पॅनकडे पाठ करायची नाही. आधी बारीक बारीक फेसाळ बुडबुडे असतात, भराभर फुटतात. पाणी आटलं की बुडबुडे मोठे होतात, संथ होतात, काचेसारखे दिसतात आणि आवाज पण बदलतो, खळखळ जाऊन जरा चिकट चटचट यायला लागते. तिथे गॅस बंद. कालथ्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढलीत आणि ती तशीच राहिली की झालं. पातळ वाटला तरी बंद करा, गार होताना घट्ट होतोच. अजून एक मिनिट म्हणून थांबलात की तुमचं पहिल्या दिवशीचं डांबर परत.

मिठाचा_खडा

वरचं सगळं बरोबर, मी फक्त चवीबद्दल बोलतो कारण आळशी_आचारी यांची खरी गोची तिथे आहे. "४ चमचे सोया" म्हणजे कुठला चमचा? आपल्याकडे चमचा म्हटलं की पाच जणांचे पाच चमचे. टीस्पून ५ मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा, म्हणजे तिप्पट फरक. तुम्ही मोठ्या चमच्याने घातला असेल तर ६० मिली सोया झाला. एका टेबलस्पून सोयात साधारण २ ते अडीच ग्रॅम मीठ असतं, म्हणजे तुमच्या पॅनमध्ये ८ ते १० ग्रॅम मीठ गेलं, आणि ५०० ग्रॅम चिकनला ५ ग्रॅमच्या आसपास भरपूर होतं. मग खारट नाही होणार तर काय.

दुसरं म्हणजे खारटावर मध हा उतारा नाहीच. गोडाने खारटपणा जरासा दबतो, पण पॅनमधलं मीठ तेवढंच राहतं आणि तोंडाला नुसता चिकटा येतो. तुमच्या साहित्यात आंबट काहीच नाहीये. व्हिनेगर म्हणा, लिंबू म्हणा, संत्र्याचा रस म्हणा, काहीतरी हवंच, त्याशिवाय ही चव जड लागते, चौथा घास नको होतो. व्हिनेगर सॉसबरोबर शिजवलं तरी चालतं पण लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, नाहीतर त्याचा वास उडून जातो. खारट झालंच तर पाणी आणि भाज्या वाढवा, आणि भात असेल तर तो जास्त वाढून घ्या, तेवढ्यावर निभावतं.

अजून एक, सॉसची चव चिकनला लावायच्या आधी घ्या, कपातच. तेव्हा तो किंचित अळणी आणि किंचित जास्त आंबट लागला पाहिजे. आटल्यावर मीठ तेवढंच राहतं, पाणी जातं, म्हणजे सुरुवातीला बरोबर लागलेला सॉस शेवटी खारट होणार हे ठरलेलं.

आणि बाटली बघा एकदा. डार्क सोया असेल तर तो रंगासाठी असतो, घट्ट आणि जरा गोडसर. लाइट सोया पातळ पण जास्त खारट. नावात लाइट आहे म्हणून मीठ कमी असं समजून मी एकदा दुप्पट ओतलाय, तेव्हापासून आयडी हा.

आळशी_आचारी

बापरे केवढं सविस्तर, धन्यवाद सगळ्यांना. हो, मोठ्या चमच्यानेच घातला होता, आमटी वाढतात त्याच्याहून जरा लहान असेल, आता तर हिशोब करायची पण भीती वाटतेय.

झाकणाची आयडिया भन्नाट आहे. पण दोन शंका. एक, मला थाय दरवेळी मिळेलच असं नाही, ब्रेस्ट असेल तर काय करू? दोन, मी चिकन नळाखाली स्वच्छ धुतो आणि निथळत ठेवतो, तरी पाणी सुटतं. अजून किती निथळू?

कोरडा_टिशू

तुमचं दुसऱ्या दिवशीचं पाणी कुठून आलं ते सापडलं. धुऊ नका. धुतलेलं चिकन निथळलं तरी अंगावर पाण्याचा थर राहतोच, आणि ते पाणी उडून जाईपर्यंत रंग येणं शक्य नाही. पाकिटातून काढायचं, टिशूने टिपायचं, टिशू थेट कचऱ्यात, हात साबणाने धुवायचे. फ्रोझन असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात एका खोलगट डब्यात ठेवून द्या. अर्धवट वितळलेलं टाकलंत तर पाण्याचा पाऊस.

आणि ५०० ग्रॅम चिकन अधिक भाज्या, २४ सेंटीमीटरच्या पॅनमध्ये? खेटून खेटून बसवलं असणार. तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर वाफ बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि परत उकडणं सुरू. दोन घाण्यांत करा, पाच मिनिटं जास्त जातील फक्त.

सोवळी_कढई

धुऊ नका??? मला हे वाचूनच कसंतरी झालं. इतकी वर्षं मी हळद मीठ लावून तीन पाण्यांतून काढतेय आणि आजवर कुणाचं पोट बिघडलं नाही. न धुता चिकन माझ्या पॅनमध्ये जाणार नाही, सॉरी.

कोरडा_टिशू

ताई, समजू शकतो, माझ्या घरी पण यावरून अबोला झालेला आहे. पण धुण्याने जंतू जात नाहीत, ते सिंकमध्ये, नळावर, शेजारी वाळत घातलेल्या भांड्यांवर उडतात. कच्च्या चिकनवर कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला असू शकतात, आणि ते मरतात ते उष्णतेने, आतून ७४ डिग्री झालं की विषय संपतो. अमेरिकेचं कृषी खातं आणि ब्रिटनची आरोग्य सेवा दोघंही स्पष्ट सांगतात की कच्चं चिकन धुऊ नका. तरी मन मानत नसेल तर वाहत्या नळाखाली नको, पातेल्यात अलगद बुचकळा, आजूबाजूची भांडी आधी हलवा, नंतर सिंक साबणाने घासा, आणि मग टिशूने कोरडं करा. ते शेवटचं मात्र टाळू नका, कारण इथे प्रश्न रंगाचा चाललाय.

सोवळी_कढई

बुचकळून आणि टिपून, एवढं करीन. अबोल्याचं वाचून हसू आलं.

पातळ_काप

ब्रेस्टबद्दल मी सांगतो, मला थाय आवडत नाही त्यामुळे नेहमी ब्रेस्टच असतं. अडचण जाडीची आहे. एका बाजूला तीन-चार सेंटीमीटर जाड आणि शेपटाकडे एक सेंटीमीटर, मग शेपूट चोथा होईपर्यंत जाड भाग कच्चाच. आडवा कापायचा, म्हणजे तळहात वर ठेवून सुरी ओट्याला समांतर, एकाचे दोन पातळ काप. नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने जाड भाग ठोकून सपाट करा, दिवसभराचा राग पण निघतो. दीड सेंटीमीटर जाडी असेल तर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात, मग सॉसमध्ये दोनच मिनिटं. थायसारखं सहा मिनिटं सॉसमध्ये उकळत ठेवलंत तर संपलं. थायमध्ये चरबी आणि चिवट धागे जास्त असतात, ८० डिग्रीच्या वर गेलं तर उलट जास्त मऊ लागतं, ब्रेस्टला ती सवलत नाही. म्हणून ब्रेस्ट असेल तर सॉस आधी एकटा आटवा आणि चिकन अगदी शेवटी त्यात लोळवा.

थर्मामीटर घ्या एक, सुईवाला. रस स्वच्छ निघाला म्हणजे शिजलं हे नेहमी खरं नसतं. नसेलच तर सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून बघा, कापलेला तुकडा आपल्याच ताटात, कुणाला कळतंय.

अननसप्रेमी

रात्रभर मॅरिनेट करायचं कुणी उत्तरच दिलं नाही म्हणून मी देते, अनुभवाने. मधासकट मॅरिनेट कराल तर मध वरच राहतो, फारसा आत जात नाही, आणि तोच पॅनला लागल्या लागल्या जळतो. करायचंच तर नुसता सोया, लसूण, मिरपूड, अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि तेवढा सोया सॉसमधून वजा करायचा. पॅनमध्ये घालण्याआधी परत टिपायचं.

आता माझी फजिती ऐका. पाहुणे येणार म्हणून मी ताजं अननस बारीक करून त्यात चिकन रात्रभर मुरवलं, म्हटलं काय मऊ होईल! मऊ? सकाळी हात लावला तर बोटं आत. वरचा थर खरडून काढला तर खिमट निघत होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडत जातं, रात्रभरात त्याने माझ्या चिकनचं पार पीठ केलं. डब्यातलं अननस चालतं कारण डबाबंद करताना ते तापवलेलं असतं आणि एन्झाइम मेलेलं असतं. ताजंच वापरायचं असेल तर फोडी भाज्यांबरोबर पॅनमध्ये टाका, शेवटची चार मिनिटं, कडेने जराशा भाजल्या गेल्या की गोड-आंबट दोन्ही मिळतं आणि मध निम्म्याने कमी करता येतो. पाहुण्यांना मी त्या दिवशी अंड्याचं काहीतरी करून घातलं, तो वेगळा विषय.

दोन_पोरांची_आई

मधाचा विषय निघालाय म्हणून मधेच बोलते. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हे चिकन, त्यातला सॉससुद्धा, चाटवू नका. मधात बोट्युलिझमच्या (एक गंभीर विषबाधा) जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या शिजवण्याने ते मरत नाहीत, मोठ्यांना काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. आम्ही तेव्हा मधाऐवजी ब्राउन शुगर घालायचो, जळायला जरा वेळ पण लागतो आणि चव फारशी बदलत नाही. बाळाच्या वाट्याचं चिकन तरी सॉसच्या आधीच बाजूला काढायचे, सोयात मीठ फार.

वाफ_आणि_वास

कॉर्नफ्लॉवर कुणी कसं नाही सांगितलं? सॉस आटवत बसायचं नसेल तर एक टीस्पून कॉर्नफ्लॉवर, दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून शेवटी ओता, एक उकळी आली की घट्ट. गरम पाण्यात कालवू नका, गुठळ्या होतात. आणि जळायची भीतीच नाही कारण आटवावं लागत नाही.

तळाशी_लागलं

चालतं, पण चकाकी वेगळी येते, जरा जेलीसारखी, आणि गार झालं की थलथलीत होतं. मी आटवलेलाच करते, हट्ट म्हणा. नवशिक्याला कॉर्नफ्लॉवर सोपं पडेल हे मान्य.

ट्रेवाला

ओव्हन असेल तर उभं राहायचंच काम नाही. हाडासकट, सालीसकट थाय, ट्रेमध्ये पसरून २०० डिग्रीला साधारण ४० मिनिटं, बटाट्याचे लहान तुकडे पहिल्यापासून, सॉस फक्त शेवटच्या दहा मिनिटांत ब्रशने लावायचा. नियम तोच, गोड शेवटी. ट्रेला फॉइल लावा, घासायला काहीच उरत नाही.

आळशी_आचारी

रिपोर्ट द्यायला आलोय!

काल केलं. थाय मिळालं, ६५० ग्रॅम. धुतलं नाही (सोवळी_कढई ताई माफ करा), आठ टिशू गेले पण कोरडं केलं. दोन घाणे केले. पहिला घाणा ठेवला आणि मोबाइलवर सहा मिनिटांचा टायमर लावून चक्क स्वयंपाकघराच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण आत असतो तर नक्की हलवलं असतं. परत येऊन टोक उचललं तर सुटलं! खालून असा तांबूस रंग की मी फोटो काढला, उलटायचं राहिलं आणि अर्धा मिनिट जास्त झालं, पण काही बिघडलं नाही.

झाकणात काढलं. त्यात जवळजवळ तीन चमचे (टेबलस्पून! मोजले!) रस जमला होता. गाजराला खरवडताना आधी सगळं पाणी तपकिरी झालं आणि तेव्हाच जो वास आला तो मला आजवर माझ्या हातच्या जेवणाला कधी आलेला नव्हता. शेजारच्या काकूंनी दार उघडं बघून विचारलं काय करतोयस रे, एवढं पुरे.

चूक झालीच एक. लसूण घालायला आणि फोन यायला एकच गाठ, तीस सेकंदांचे दोन मिनिटं झाली, लसूण काळपट. काढून टाकला, नवीन किसून घातला, आधीची कडवट चव अगदी पुसट राहिली. सॉस कपातच चाखला तर आंबट जास्त वाटला, हात शिवशिवत होते मध वाढवायला, पण खडासाहेबांचं आठवून थांबलो आणि आटल्यावर बरोबर आला. बुडबुड्यांचं जे लिहिलंय ना ते अक्षरशः तसंच झालं, आवाज बदलला तेव्हा मी एकटाच ओट्यापाशी "हा हा हा, हेच" असं ओरडलो.

साडेआठला सुरू केलं, नऊ दहाला ताटात. भात वेगळ्या भांड्यात लावावा लागला एवढंच खटकतंय, एक पॅन म्हणता म्हणता दोन झाले. भात त्याच पॅनमध्ये होतो का? आणि उरलेलं किती दिवस टिकतं?

तळाशी_लागलं

वाचून जीव भरला बघा!

भात होतो, पण मग सॉसचा क्रम परत बदलतो. चिकन भाजून झाकणात काढलं की कांदा-गाजर परता, त्यातच एक कप धुतलेला तांदूळ, दोन मिनिटं परतून दोन कप गरम पाणी आणि फक्त एक टेबलस्पून सोया. चिकन वर ठेवा, झाकण लावा, बारीक आच, पंधरा-सोळा मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच. मध, व्हिनेगर आणि उरलेला सोया एका कपात ढवळून हे सगळं झाल्यावर वरून ओतायचं. मध भाताच्या पाण्यात घातलात तर तळ करपणार म्हणजे करपणारच, माझ्या आयडीची शपथ. या प्रकारात चकचकीत थर येत नाही हे मात्र आधीच सांगते, चव येते, चकाकी नाही.

पातळ_काप

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, उथळ डब्यात म्हणजे लवकर गार होतं. तीन-चार दिवस चालतं. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून वाफ येईपर्यंत तापवा, नुसतं तापवलंत तर सॉस परत चिकटतो. वरचा भात पण उरला तर तोही लगेच फ्रीजमध्ये, ओट्यावर रात्रभर नको.

कोरडा_टिशू

पॅन किती वेळात निघाला ते सांगितलंच नाहीत.

आळशी_आचारी

दोन मिनिटांत. कोमट होईपर्यंत थांबलो, गरम पाणी ओतलं, मऊ स्पंजने एकदा फिरवलं, झालं. झाकणाला मात्र कडेच्या खाचेत चिकनचा रस वाळून बसला होता, तो काढायला टूथब्रश लागला. जुना होता.